चावडीवरचा दाखला

बी.ए. झाल्यावर मला वकिलीच शिकायची होती. गरीब घरच्या मुलींना त्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळते हे कळल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. अर्ज शनिवारच्या आत बुलढाण्याला पोचायला हवा होता. राहिला होता फक्त उत्पन्नाचा दाखला. तो पटवाऱ्याने लिहायचा, बाप सांगेल तसा.

बुधवारी बाबा चावडीवरून आले, कागद माझ्या हातात दिला आणि पाय धुवायला वळले. मी वाचलं. आमच्या सहा एकर कोरडवाहूचं सोळा एकर झालं होतं, वर विहीर बागायत! अहो, आमच्या विहिरीत पोहरासुद्धा बुडत नव्हता.

"बाबा, हे काऊन सांगतलं तुमी?" मी ओरडलेच.

"तिथं मोताळ्याचे पाव्हणे बसले होते ना." मला बघून गेलेले, अजून होकार न कळवलेले, तेच पाव्हणे. "त्यायच्यासमोर काय सांगू, माह्या घरी काईच नाई म्हणून? पोरीचा बाप हाओ मी."

सोयरिकीसाठी जमीन फुगवून सांगायची, हे आमच्याकडे सगळेच करत. पण ती सरकारी कागदावर चढल्यावर मला शिष्यवृत्ती कोण देणार? असा संताप आला! मी जेवले नाही, भांडी आपटली. "मंग पाव्हण्यायलेच इचारा, माही फी भरता का," असंही बोलून गेले.

सकाळी ते न सांगता निघाले. मी मागोमाग. चावडीवर गाव जमलं होतं, आणि नेमका ते स्थळ आणणारा मध्यस्थही. बाबा परत फिरणार, मला खात्रीच वाटली.

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "पटवारी सायेब, तो कागद फाडा. सहा एकर हाये, कोरडी. विहीर आटेल हाये. पोरीले शिकवाची माही ऐपत नाई. तसंच लिव्हा."

कुणीतरी हसलं. मला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं.

स्थळ मोडलं. शिष्यवृत्ती मिळाली, मी नागपूरला गेले. त्या दिवसापासून बाबा चावडीवर बसायला गेलेच नाहीत, हे मला आईने फार उशिरा सांगितलं.

सनद घेऊन गावी आले तेव्हा म्हटलं, "चला बाबा, आता तरी चावडीवर जाऊ."

"तू जाऊन बस, माय," ते म्हणाले. "माही जागा रिकामीच हाये तिथं."