मी कान मागितले होते

माझ्या लेकराला लाल मुंग्या डसत होत्या आणि मी त्याच्याकडे पाठ करून, तीन हातांवर, चरख्यापाशी बसले होते. तो किती वेळ रडला कोण जाणे. भिंतीपलीकडची शेजारीण धावत आली, तिच्या मागून सासू आली, आणि सासूनं खांद्याला हिसडा दिला तेव्हा मला कळलं की काहीतरी झालंय. सात महिन्यांचं पोर. मान, काखा, मांड्या, सगळं लालबुंद. रडून रडून ओठ निळे पडले होते. सुताला लावायची भाताची खळ सकाळी माझ्याच हातून त्याच्या गोधडीवर सांडली होती आणि मी ती नीट पुसली नव्हती. म्हणजे मुंग्यांना आवतण दिलं तेही मीच. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. आज लिहितेय, पन्नास वर्षं होत आल्यावर.

आमचं घर पाचपावलीत, विणकरांच्या वस्तीत. पुढच्या खोलीत दोन हातमाग, मागं चूल, मध्ये आम्ही माणसं. माझं काम कांड्या भरायचं, म्हणजे मागावरच्या धोट्यात बसवायच्या बारक्या नळ्यांवर चरख्यानं सूत गुंडाळायचं. लग्न होऊन आले तेव्हा माझे कान चांगले शाबूत होते. दुसऱ्या वर्षी खोकला धरला, रक्त पडलं, टीबी निघाला. रोज एक सुई, अशा महिनोन् महिने सुया घेतल्या. आधी कानात रातकिडे किरकिरायला लागले, मग चालताना तोल जायला लागला, आणि एके दिवशी आमचे हे माग चालवताना दिसत होते पण मागाचा खटखट आवाज काही येत नव्हता. डॉक्टर काय म्हणाले ते ह्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, ‘जीव वाचला. त्याच सुईनं कान गेले. परत येणार नाहीत.’ मी तेव्हा बावीस वर्षांची होते. लोकांना वाटतं बहिऱ्या माणसाला कशी छान शांतता असेल. शांतता कुठली बाप्पा! ते रातकिडे अजून आहेत. तेवढंच ऐकू येतं, बाकी काही नाही.

मी ओठ पाहून बोलणं ओळखायला शिकले. सासूच्या तोंडात कायम सुपारी, त्यामुळे तिचं अर्धंच कळायचं. बरंच होतं म्हणा. पण मुंग्यांच्या दिवशी तिनं सुपारी थुंकून टाकली होती, म्हणून सगळं कळलं. “हिच्या भरवशावर लेकरू ठेवता का? उद्या पोरगं चुलीत जाईन तरी हिले पत्ता लागणार नाही!” तिचं काय चुकलं? ती दुष्ट नव्हती. घाबरली होती. मला राग आला तो तिच्या बोलण्याचा नाही, तर ते खरं होतं याचा आला.

चार दिवसांनी ह्यांनी पाटी समोर धरली. उमरेडला माझी थोरली ननंद होती, लग्नाला बारा वर्षं झालेली, मूल नाही. पाटीवर लिहिलं होतं, ‘दसऱ्यानंतर बाळ ताईकडे राहील. शाळेत जायजोगं झालं की आणू.’ मी पदरानं पाटी पुसून टाकली. ह्यांनी पुन्हा तेच लिहिलं. मी पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा ह्यांनी लिहिलं नाही, खडू खिशात घातला आणि मागावर जाऊन बसले. पण ठरलेलं काही पुसलं गेलं नव्हतं. अंगावर पिणारं पोर शाळेच्या वयाचं होऊन परत येईल तेव्हा आई कोणाला म्हणेल, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

खरं सांगते, मी देवीवर फार चिडले होते. लहानपणापासून कोराडीच्या जगदंबेला जाणारी मी. दुखण्यात तिचंच नाव घेतलं, आणि तिनं हे दिलं! त्या नवरात्रात घरात घट बसला तर मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सासूच म्हणाली, कोराडीला जाऊ. तिनं सोनाराकडून चांदीच्या पत्र्याचे इवलेसे दोन कान घडवून आणले होते, देवीला वाहायला. ते तिच्या तळहातावर पाहिले आणि मला रडू फुटलं. म्हातारी माझ्यासाठी सोनाराच्या दुकानात जाऊन बसली होती.

अष्टमीला आम्ही खापरखेड्याकडे जाणाऱ्या बसनं कोराडीला गेलो. गर्दी मी म्हणत होती. रांग सरकत सरकत गाभाऱ्यापाशी आली तेव्हा मी बाळाला छातीशी आवळून देवीच्या पायांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, “दुसरं काही नको. कान दे. एकच दे, अर्धा दे. याचं रडणं तेवढं ऐकू येऊ दे. नाहीतर हा जातो माझ्या हातून.” सासूनं चांदीचे कान वाहिले. पुजाऱ्यानं ते इतर चांदीच्या ढिगात टाकले. तिथं डोळे होते, पाळणे होते, हात होते. मागून कोणीतरी ढकललं आणि आम्ही बाहेर आलो. मी उभी राहून वाट पाहिली. रातकिडे किरकिरत होते, बस्स.

ऊन कडक होतं. हे आणि सासू प्रसाद घ्यायला गेले आणि मी बाळाला पाजायला एका कडुनिंबाखाली बसले. शेजारी ओटीचं सामान विकणारी एक म्हातारी बाई बसली होती. नारळ, खण, बांगड्या, हळदकुंकू. निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली आणि झोळीत तिचं नातवंड असावं. समोरच ढोलताशे चालू होते. मला ऐकू येत नव्हते, पण बसल्या जागी जमीन हादरत होती आणि माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती. म्हातारी एका गिऱ्हाइकाशी नारळावरून हातवारे करून भांडत होती, झोळीकडे तिची पाठ. भांडता भांडता ती मध्येच थांबली, नारळ खाली ठेवला, वळली आणि झोळीतून पोर उचलून घेतलं. ते जागं होऊन रडत होतं. तिनं पाहिलं नव्हतं. आणि त्या ढोलात तान्ह्याचं रडणं ऐकू येणं कोणालाच शक्य नव्हतं.

मी तिच्याजवळ सरकले. माझा आवाज मोठा निघतो की बारीक, हे मला कळत नसे म्हणून परक्यांशी मी बोलतच नव्हते, पण तेव्हा बोलले. विचारलं, “माय, तुम्हाले कसं समजलं?” तिलाही माझं ऐकू आलं नसावं, तिनं माझं रडकं तोंड, मांडीवरचं पोर पाहिलं. मी कानाकडे बोट दाखवून हात हलवला. ती हसली. तोंडात दोनच दात, त्यामुळे ओठ चांगले मोकळे, एकेक शब्द दिसला. “एवढ्या ढोलात कोणाले आयकू येते वं? इथं सारेच बहिरे!” आणि तिनं लुगडं जरा वर सरकवून पाय पुढे केला. पायाच्या अंगठ्याला सुताची दोरी होती, दोरीचं दुसरं टोक झोळीला. दोन्ही हात धंद्यात, म्हणून ती पायानं झोके देत होती. पोर हललं की दोरी ओढली जायची. “पाय सांगते मले,” ती म्हणाली, आणि पोराला कडेवर घेऊन पुन्हा नारळासाठी भांडायला लागली.

एवढंच झालं. आमच्या घरात सुताचा डोंगर आणि माझं पोर गोधडीवर जमिनीला, कारण मागांमुळे पाळण्याला जागा नव्हती. झोळी बांधायचं कोणाला सुचलं नव्हतं. मी परत गाभाऱ्यात गेले नाही. तिथूनच, निंबाखालून, हात जोडले.

घरी येताच मी जुन्या लुगड्याची झोळी मागाच्या वरच्या आडव्या लाकडाला बांधली, चारपदरी सूत वळलं आणि अंगठ्याला गाठ मारली. दुपारभर कांड्या भरल्या. बाळ कूस बदलायचं तसा हलका ताण यायचा. जागं झालं की लाथा मारायचं, तसे हिसके यायचे. सासू पाहून गेली, कपाळाला हात लावला. “दोरीनं का लेकरू सांभाळते कोणी? खेळ लावला का वं?” ननंदेला पत्र गेलेलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ननंद आली. चार झबली शिवून आणली होती, टोपडी, एक पितळी वाळा. दारातूनच तिनं बाळाला घेतलं आणि तिचा चेहरा असा काही फुलला की मला बघवेना. सोनं द्यायचं म्हणून तिनं आपट्याचं पान त्याच्याही मुठीत दिलं, आपल्याकडे देतात तसं. मग तो पेंगायला लागला म्हणून मी त्याला पाजून झोळीत टाकलं. दुपारच्या गाडीनं ती त्याला नेणार होती. ननंद आणि सासू झोळीपासून चार पावलांवर बसून त्याचं गाठोडं बांधत होत्या, बोलत होत्या. मी चरख्याकडे तोंड करून बसले. रडताना कोणाला तोंड दाखवायचं नव्हतं. दोरी अंगठ्याला होती. मनात देवीला म्हटलं, आता नेतेस तर ने. माझ्यानं भांडणं होत नाही तुझ्याशी. तुझंच आहे ते.

तेवढ्यात दोरीला हिसका बसला. मग एक, मग आणखी एक, आणि मग नुसती थरथर. जागं झाल्यावरचा ताण मला पाठ झाला होता. हा तसा नव्हता. मी उठून झोळीत पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं. माझ्यासाठी त्याचं रडणं म्हणजे उघडं तोंडच, त्यामुळे क्षणभर वाटलं, रडतोय. मी वळून त्या दोघींकडे पाहिलं. त्या गाठोडं बांधतच होत्या, कोणी मान वर केली नाही. चांगल्या कानांच्या दोन बायका चार पावलांवर, आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं! तेव्हा मला कळलं की आवाजच नाही. मी त्याला उचललं, तोंडात बोट घातलं. घशाशी काहीतरी गुळगुळीत चिकटलं होतं, बोटाला लागायचं आणि निसटायचं. पालथा घालून पाठीत थापा दिल्या, पुन्हा बोट घातलं, आणि चुरगळलेलं आपट्याचं अर्धं पान नखाला अडकून बाहेर आलं. त्याची छाती वर आली. दोघींनी एकदम दचकून माना वळवल्या, आणि त्यावरून मला समजलं की तो रडला.

पुढं कोण काय बोललं ते मला ठाऊक नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. ह्यांचा हात माझ्या पाठीवर होता. ननंद जमिनीवर बसून ते पान बघत राहिली. बऱ्याच वेळानं ती माझ्यासमोर आली, माझी हनुवटी वर केली आणि सावकाश, मला दिसेल असं बोलली. “तुहं लेकरू तुह्यापाशीच राहू दे वं.” झबली ठेवून ती दुपारच्या गाडीनं एकटी गेली. मला हवं होतं ते मिळालं होतं, तरी तिला रिकाम्या हातांनी गल्लीच्या टोकाला वळताना पाहिलं तेव्हा माझं काळीज तुटलं. तिला पुढंही मूल झालं नाही. मी तिच्यासाठी पुष्कळ मागितलं. का दिलं नाही, ते देवीलाच माहीत. सासूनं दुसऱ्या दिवशी मला सहापदरी पक्की दोरी वळून दिली आणि अंगठा कापू नये म्हणून तिला चिंधीही गुंडाळली.

पुढच्या नवरात्रात मी त्या निंबाखाली गेले. तिथं दुसरीच कोणी बसली होती, तिला त्या म्हातारीचं काही माहीत नव्हतं. ती म्हातारी म्हणजे देवी होती असं मी म्हणत नाही. देवी नारळासाठी एवढी भांडेल का? भांडतही असेल. मला एवढंच कळतं की मी कान मागितले, आणि तिनं दिले असते तर मी त्या दिवशी दोरी बांधली नसती. आपल्याला काय पाहिजे हे आपण तिला शिकवायला जातो. त्यानंतर मी स्वतःसाठी मागणं सोडलं. हात जोडते आणि उभी राहते.

मुलगा आता स्वतः बाप झालाय, वीज केंद्रात नोकरी करतो. तो पहिल्यांदा ‘आई’ म्हणाला तेव्हा मी स्वयंपाक करत होते; सासूनं येऊन सांगितलं. त्याचा आवाज कसा आहे, जाड की बारीक, बापासारखा की माझ्या भावासारखा, मला माहीत नाही, आणि ते माहीत न होताच मी जाणार आहे. अजूनही कोराडीच्या रांगेतून पायांपाशी पोचले की तोंडातून निघून जातं, “एकदा ऐकवायचा होतास गं माय, एकदाच.” हे मी तिला सांगते. मागत नाही.