यमूमावशीची सही

यमूमावशी गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्या खोलीत बसले होते. आठवडाभर ताप होता. डॉक्टर येऊन गेले, छाती तपासली, पथ्य सांगितलं आणि जाताजाता तिचा हयातीचा दाखला मागून घेतला. दर सहा महिन्यांनी येणारा हा फॉर्म भरून गेला की तिची पेन्शन यायची. डॉक्टर जे.पी. असल्यामुळे दाखल्यावर सही करण्याचा अधिकार त्यांना होता. ‘‘आज मी यांना समक्ष पाहिलं, त्या हयात आहेत,’’ असं मोठ्याने म्हणत त्यांनी आपली सही केली आणि फॉर्म माझ्या हातात दिला. राहिली होती फक्त मावशीची सही. मी टाक पुढे केला. तिने बोटांत धरून पाहिला, मग परत दिला. ‘‘आज नको गो. हात थरथरता. उद्या करतंय.’’ फॉर्म तिने उशाखाली सरकवला. सकाळी मी शिवणवर्ग उघडत होते, तेव्हा शेजारची सुमती धावत आली. ‘‘बाई, मावशी उठत नाहीत...’’

मावशी म्हणजे माझ्या आईची मावसबहीण. मूळ मालवणकडली. तिचे यजमान आफ्रिकेतल्या एका बंदरावर सरकारी नोकरीत होते, कारकून. लग्न झाल्यावर ती बोटीने तिकडे गेली आणि उमेदीची सगळी वर्षं तिकडेच राहिली. मूलबाळ नाही. निवृत्त होऊन दोघं गावी परतली आणि थोड्याच दिवसांत काका गेले. तिकडच्या सरकारने विधवा म्हणून तिला पेन्शन लावून दिली. पैसे समुद्रापलीकडून यायचे, म्हणून ती जिवंत आहे याची खातरी त्यांना कागदावर हवी असे. काकांच्या मागे ती दिराच्या घरी राहिली नाही. मुलुंडला आमच्या चाळीत एक खोली रिकामी झाली, तिथे ती ट्रंक घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली, ‘‘तुझ्या घरात जेवूक येवचंय नाय. बोलूक येतलंय.’’ शब्द पाळला. शेगडी तिची, भाडं तिचं, अगदी खोबरं किसायची विळीही तिची. रोज दुपारी माझ्या शिवणवर्गात येऊन मुलींना काजं करून द्यायची आणि कामाचे पैसे काढले तर रागवायची. हळू चाल, सावकाश कर, असं सांगायचं असलं की तोंडात तिकडचा शब्द येई, ‘‘पोले पोले.’’ माझ्यासारख्या धांदलखोर बाईला हे दिवसातून किती वेळा ऐकावं लागे, ते विचारू नये.

दाखल्याच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची. ‘‘चल गो शालू, हयातीक जावया,’’ म्हणायची, जशी काही कुणाच्या बारशाला निघाली आहे. फॉर्मवर इंग्रजीत दोन गोष्टी असत. एक, बाई जिवंत आहे. दुसरी, तिने पुन्हा लग्न केलेलं नाही. डॉक्टर मुद्दाम गंभीर चेहरा करून विचारायचे, ‘‘यमुनाबाई, पुनर्विवाह?’’ ती म्हणायची, ‘‘ह्या वयात माका कोण मेलो विचारता? तुमच्या बगण्यात आसा काय कोण?’’ दवाखान्यातले रोगी खोकता खोकता हसायचे. मग डॉक्टर शाईची गादी पुढे सरकवायचे आणि ती डाव्या हाताचा अंगठा उमटवायची. त्या क्षणी मात्र ती हसत नसे. अंगठा पदराने इतका घासायची की मी एकदा म्हटलं, ‘‘कातडी जाईल गं मावशी, शाईच आहे ती.’’ ती घासतच राहिली.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गातल्या मुली कापडाच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावून आपापली नावं लिहीत होत्या. मावशी बघत राहिली. सगळ्या गेल्यावर म्हणाली, ‘‘माका माझा नाव शिकव.’’ मी लगेच बेत आखला. आधी बाराखडी, मग आकडे, मग बसच्या पाट्या. ‘‘ता सगळा कंडक्टर सांगता,’’ ती म्हणाली. ‘‘माका फक्त माझा नाव होया.’’ मग तेवढंच शिकवलं. यमुना दामोदर केळुसकर. आडनावातल्या ‘ळ’ने तिला फार छळलं. पाटीवर तो कधी उताणा पडायचा, कधी पोटावर. ‘‘ह्यो दामोदराच्या घराण्याचोच दिसता, सरळ म्हणून उभो रवणा नाय,’’ म्हणत ती पुसायची आणि पुन्हा काढायची. पुढच्या हयातीला तिने शाईची गादी बाजूला सारली आणि टाक मागितला. डॉक्टरांनी उठून नमस्कार केला. आम्ही पेढे वाटले.

आणि पेन्शन थांबली. ड्राफ्ट आला नाही, पत्र आलं. आजवरच्या सगळ्या दाखल्यांवर बाईंच्या अंगठ्याची निशाणी आहे, या वेळी अनोळखी लिपीतली सही आहे. सबब बाई हयात असल्याची खातरी पटेपर्यंत रक्कम देता येत नाही. पत्र मी वाचून दाखवलं. ती आधी हसली. ‘‘म्हणजे मी लिवूक शिकलंय आणि मेलंय?’’ पण खोलीचं भाडं थांबलं, मालक दोनदा दारात येऊन गेला, आणि ही बातमी कशी कोण जाणे, गिरगावात राहणाऱ्या तिच्या दिरापर्यंत गेली. त्यांचा निरोप आला : खोली सोडा, इथे या, स्वयंपाकघरात झोपायला जागा आहे, सुनेलाही तेवढीच मदत होईल. निरोप ऐकून मावशी दोन दिवस काजं करायला आली नाही.

मी व्यवहारी बाई आहे. मला उपाय सरळ दिसत होता. मी तिच्या खोलीत गेले आणि म्हटलं, ‘‘मावशी, हट्ट पुरे. अंगठा दे आणि मोकळी हो. सही काय, दाराच्या पाटीवर कर हवी तर.’’ ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, ‘‘मी अंगठो देवचंय नाय.’’ का, म्हणून विचारलं. तेव्हा तिने पहिल्यांदा सांगितलं... काका गेले त्या दिवशी ती भुईवर पडून होती, शुद्ध अशी नव्हतीच. ‘‘भावोजींनी माझो हात उचलल्यानी, शायेत बुडवल्यानी, कागदार दाबल्यानी. माका समाजलाच नाय काय ता.’’ तो कागद म्हणजे घरातल्या आणि माडांतल्या तिच्या हिश्शाचं हक्कसोडपत्र होतं. नंतर कुणी विचारलं की दीर तो अंगठा दाखवायचे. सगळं सांगून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, ‘‘अंगठो मड्याचोव उठता गो. सही करूक माणूस जित्तो लागता.’’

जिवंतपणाचा पुरावा मागणारी ती कचेरी आणि ही निरक्षर म्हणवली जाणारी बाई, यांत शहाणं कोण हे मला तेव्हा कळलं. मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर आलं की मॅजिस्ट्रेटसमोर नव्या सहीचे तीन नमुने करून पाठवा. तोपर्यंतचं भाडं मी देऊ केलं, ते तिने घेतलं नाही. हातातली पाटली मोडली आणि मला दम दिला, ‘‘बोलशीत तर खबरदार.’’

कोर्टातली ती सकाळ मला लख्ख आठवते. मावशी ठेवणीतल्या लुगड्यात. मॅजिस्ट्रेट तरुण होते, समोर कागदांचा ढीग. पहिली सही नीट झाली. दुसरीही. तिसरीला ‘यमुना दामोदर’ एवढं लिहून हात थांबला. मागून कारकून म्हणाला, ‘‘आजी, लावा ना अंगठा, लोक खोळंबलेत.’’ मी पुढे सरसावले, काहीतरी सांगायला. मावशीने मान वर न करता म्हटलं, ‘‘पोले पोले.’’ मॅजिस्ट्रेटना शब्द कळला नसावा, पण त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली, खुर्चीला पाठ टेकली आणि कारकुनाला म्हणाले, ‘‘थांबा. बाई लिहितायत.’’ मग तिने ‘के’ काढला, आणि तो ‘ळु’ असा काही ताठ उभा केला की मला माझ्या मुलीचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

काही महिन्यांनी थकबाकीसह ड्राफ्ट आला. पहिलं काम म्हणून ती भाडं द्यायला मालकाकडे गेली. पावतीबुकासाठी हात पुढे करून म्हणाली, ‘‘हाड हय, मी सही करतंय.’’ मालक बिचारा म्हणाला, ‘‘बाई, पावतीवर सही मी करायची असते.’’ ‘‘मगे माका खय करूची ता सांग!’’ शेवटी त्याने स्वतःजवळच्या अर्ध्या भागावर तिला सही करू दिली. पुढे दर महिन्याला ते तसंच चाललं. दिराकडचा निरोप पुन्हा आला नाही. खोली तिची राहिली.

त्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ बसले असताना आमचे हे आले. दार लोटून घेतलं. उशाखालच्या फॉर्मचा कोपरा दिसत होता. अगदी हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘शालू, वाईट वाटून घेऊ नकोस. डॉक्टरांनी काल तिला जिवंत पाहिलंय, तशी सहीही केली आहे. साडेपाच महिने ती जगलीच की. पैसे तिचेच आहेत, पुढचा खर्च आहे. जुना अंगठा त्यांच्या दप्तरी आहे...’’ वाईट माणूस नाही. एकही शब्द खोटा नव्हता. तिचा हात चादरीवर होता, अजून ऊन. मीही तो हात पाहिला आणि हिशेबही पाहिला, नाही असं नाही.

‘‘तिला विचारलं असतं तर?’’ मी म्हटलं.

‘‘नाही म्हणाली असती.’’

‘‘मग झालं तर.’’

‘‘झालं,’’ ते म्हणाले, आणि माणसं गोळा करायला बाहेर गेले. मी तिचा हात चादरीच्या आत घेतला.

दिवसकार्य उरकल्यावर मी तिकडे कळवलं, आणि तो फॉर्म पत्रासोबत परत पाठवायला काढला. वर्गातच पाकीट करत होते. खाली डॉक्टरांची सही, शिक्का, तारीख. वरची ओळ मोकळी. पत्ता लिहायला बसवलेल्या मुलीने ते पाहिलं आणि विचारलं, ‘‘बाई, इथे राहिलंय. काय लिहू?’’

‘‘काही नको,’’ मी म्हटलं. ‘‘ती मावशीची जागा आहे.’’