गोऱ्हा झालेल्या गायीचं दूध

माजिवड्याच्या नाक्यावर मासळी विकणाऱ्या सगुणाला गप्प बसवणं कुणाला जमलेलं नाही. मी तिचं जुनं गिऱ्हाईक. पापलेटाचे कल्ले जरा जास्त उचकटले, की म्हणते, "सोयरीक जमवताय का शेट?" अशी ही बाई डोंबिवलीच्या डॉक्टर सुमेधांपुढे मात्र मिठाची गुळणी धरून बसली. तिनेच हे मला पुढे सांगितलं, आणि मला त्याचा अजून राग येतो.

शेजारी तिची लेक दक्षता. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही, पाळीचा नेम नाही. तपासून डॉक्टर म्हणाल्या, "अंडं वेळेवर सुटत नाहीये. माकडिणींवर प्रयोग झालेत. गरोदरपणी त्यांना पुरुषी हार्मोन दिलं, तर पोटातली मादी धडधाकट जन्मते, पण मोठेपणी ओव्हरी नीट चालत नाही. माणसांत तसं ठामपणे सांगता येत नाही. तुमच्या वेळी आईंनी काही औषध घेतलेलं का?"

"नाय," सगुणा म्हणाली.

घेतलं होतं. सासूने वैदूकडून मुलगा होण्याची पुडी आणली होती. ती गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, झालेल्या गायीच्याच दुधातून घ्यायची, म्हणून नवरा गाय शोधत गावभर हिंडला. पुडीत काय होतं देव जाणे. झाली दक्षता. आता सांगावं तर लेक तुटेल, आणि न सांगावं तर घास उतरत नाही, अशा कोंडीत सगुणा दिवस काढू लागली.

पुढे उपचारांनी दक्षताला दिवस गेले. सगुणा कालवणाचा डबा घेऊन डोंबिवलीला गेली, तर विहीणबाई ग्लासातलं दूध चमच्याने ढवळत होत्या.

"बऱ्या वेळेला आलात. गावाहून पुडी मागवली. गोऱ्हा झालेली गायही मिळाली एकदाची."

सगुणाने डबा खाली ठेवला. "आधी डॉक्टरला विचारा."

"दुधाला कसला डॉक्टर?"

"घेते गं आये," दक्षता म्हणाली. "आईंनी एवढ्या हौसेने केलंय." तिने ग्लास उचलला.

"नको पिऊ. मी घेतलेली अशीच पुडी. तुझ्या वेलेला."

दक्षताचा हात थांबला.

"मग डॉक्टरांनी विचारलेलं तेव्हा?"

दक्षताने ग्लास मोरीत ओतला, धुऊन पालथा घातला, आणि येऊन सासूच्या शेजारी बसली.