घाम फुटलेली नळी

पाणी गार करायचं मशीन दुरुस्त करून झालं, की मिस्त्री आतल्या तांब्याच्या नळीला उलटा हात लावून बघायचे. नळीवर दव धरलं असेल तर चेहरा खुलायचा. "घाम फुटला, सर. मशीन जित्ती हाय!"

असा एखादा मिस्त्री तुमच्याही गावात असेल. आमच्या शिरूर कासारमध्ये तेव्हा फ्रिज मोजकेच, त्यामुळे त्यांची-माझी ओळख शाळेतल्या मशीनमुळे झाली. कुणीतरी वडिलांच्या स्मरणार्थ ते शाळेला दिलं होतं. वर नावाची पाटी झकास, पण नळाला पाणीच नाही. मिस्त्री दरवर्षी ते चालू करून जायचे आणि आम्ही मास्तर लोक त्यावर खडूचे खोके रचायचो. शेवटी शाळेनं ते भंगारात काढलं, तेव्हा मिस्त्री हातगाड्यावर घालून घरी घेऊन गेले.

नेलं ते लेकीसाठी. पोरगी बीडला मावशीकडे राहून कॉम्प्युटर शिकून आली होती. मिस्त्रींनी तिला कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आणून दिला, पण पत्र्याच्या खोलीत तो सकाळी अकरालाच तापून बंद पडायचा. इकडे तिच्या थोरल्या भावानं तिच्यासाठी स्थळ आणून ठेवलेलं. अक्षयतृतीयेच्या आत आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचं काम मिळालं तर लग्न थांबणार, नाहीतर नाही. मी शाळेच्या संस्थेच्या चिटणिसांना गळ घातली. ते म्हणाले, "आपल्या वर्गांवरही पत्राच आहे. तो कॉम्प्युटर भर दुपारी चालवून दाखवा, मग बघू."

मिस्त्रींनी डोकं लढवलं. मशीनच्या टाकीतलं गार पाणी छोट्या पंपानं नळीतून कॉम्प्युटरच्या पोटात न्यायचं, तापणाऱ्या भागावरच्या तांब्याच्या डबीतून फिरवायचं आणि परत टाकीत सोडायचं. गल्लीनं तोंडसुख घेतलं. "माणसाला टँकरची वाट, अन् डबड्याला गार पाणी! कशापायी एवढे लाड?"

मिस्त्री शांतपणे सांगायचे, "हे पाणी सरत न्हाई, बाबा. फिरतं."

आणि खरंच, चैत्राच्या उन्हात कॉम्प्युटर दिवसभर चालला. पोरगी त्यावर गल्लीतल्या लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करायची. मीही मनात तिची शाळेतली खुर्ची कुठं ठेवायची ते ठरवून टाकलं.

चिटणीस येणार त्या दिवशी मला शहाणपण सुचलं. "मिस्त्री, मोठी माणसं येतायत. पत्र्याखाली उकडेल, एखादा कूलर बघा." त्यांनी मंडपवाल्याकडून वाळ्याचा कूलर आणला, काठोकाठ भरला, झळ नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. पाण्याचं मशीनही पार गारावर ठेवलं. पाहुण्यांच्या मानपानात काही कमी पडू नये, एवढंच आमच्या डोक्यात. चिटणीस खूश झाले. पोरगी टाइप करत होती.

कोंडलेल्या खोलीतली हवा ओली होत गेली, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. इतके दिवस आमच्या कोरड्या हवेत कॉम्प्युटरकडे जाणारी ती नळी कोरडीच राहिली होती. मिस्त्रींनी सवयीनं उलटा हात लावला आणि हसून माझ्याकडे पाहिलं. "सर, घाम फुटला!" म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. थेंब नळीवरून ओघळत कॉम्प्युटरच्या पोटात गेले होते. टक्कन आवाज झाला, पडदा काळा पडला आणि जळका वास सुटला.

चिटणिसांनी सरबत संपवलं. "बघू पुढच्या वर्षी," म्हणत उठले. पोरगी बटणांवर बोटं ठेवून तशीच बसून राहिली.

"मला कळाया पायजे होतं," मिस्त्री म्हणाले. "माझाच धंदा हाय ह्यो." कूलर माझ्या सांगण्यावरून आणला, हे त्यांनी कधीच काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

अक्षयतृतीयेला लग्न लागलं. मांडवात टँकरच्या पाण्यानं तेच मशीन भरून ठेवलं होतं. वऱ्हाडी गार पाणी पिऊन तारीफ करत होते आणि मिस्त्री खांद्यावरच्या टॉवेलनं नळी पुसत होते. पुसली की ती पुन्हा ओली व्हायची.

"राहू द्या की आता," मी म्हणालो.

"न्हाई सर, पुसाय पायजे."

निघताना पोरगी पाया पडायला वाकली. मिस्त्रींचे हात ओले होते. तिच्या डोक्यावर ठेवण्याआधी ते सदऱ्याला पुसत राहिले, तोवर भावानं तिला जीपकडे नेलं.