इंजिन चालू की बंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मम्मीलाही नाही — आणि तिला तर माझं बरंचसं न सांगताच कळतं. मग तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही पप्पांना ओळखत नाही म्हणून.

पप्पांचं डिंडोलीत गॅरेज आहे. मी इंग्लिश मीडियमला शिकले याचं त्यांना केवढं अप्रूप! नव्या गाडीचं मॅन्युअल वाचायचं असलं की मला बोलावणं येणार, आणि गिऱ्हाइकासमोर ते आमच्या अहिराणीत म्हणणार, "हाई गाडी बी इंग्लिश मीडियमनी शे. पोरलेच इचारा!" सगळे हसायचे. मी खाली बघायची. इंग्लिश येणं वेगळं आणि गिअरबॉक्स कळणं वेगळं, हे मला कधी सांगता आलं नाही — की सांगायचंच नव्हतं? त्या कौतुकाची सवय झाली होती, हेही खरं.

बारडोलीचे एक शेतकरी आपली ऑटोमॅटिक पिकअप घेऊन आले. माल भरला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी ओढायची नाही. मग धक्का देऊन गिअर पडायचा. पप्पांनी एक चक्कर मारली, गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेऊन हुंगलं. तेल खराब झालंय, आतलं काही जळलेलं नाही, म्हणाले. बरोबर ओळखलं होतं त्यांनी. जुनं तेल काढून नवं भरलं. आता फक्त पट्टी घालून पातळी बघायची होती.

"बेटा, इंजिन चालू ठेवानं का बंद करानं?"

मॅन्युअल माझ्या मोबाइलमध्ये होतं. पण ते पान — मी उघडलंच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला तिथून आत जायचं होतं. "थांबा, बघते," एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हणाले, "बंद." इंजिनचं तेल बंद करून बघतात, तेवढंच मला माहीत होतं.

त्या गिअरबॉक्सचं उलटं होतं. इंजिन बंद केलं की तेल खाली उतरतं आणि पट्टीवर जास्त दिसतं. पप्पांना जास्त दिसलं. त्यांनी ते जास्तीचं तेल काढून टाकलं. माझ्या शब्दावर.

गाडी गेली, त्याच संध्याकाळी मी ते पान वाचलं. इंजिन चालू ठेवून — स्पष्ट लिहिलं होतं. पप्पा समोरच जेवत होते. त्या शेतकऱ्यांना एक फोन केला असता तर? मी मोबाइल उलटा ठेवला.

पिकअप परत आली ती टेम्पोला बांधून. "काका, आ तो चालतीज नथी!" शेतकरी रडकुंडीला आले होते. तेल कमी पडून आतल्या प्लेटा जळून गेल्या होत्या. पोरीनं नीट वाचलं होतं ना, असं त्यांनी विचारलंच. पप्पांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरनी बरोबर वाचं. चूक मन्हीच शे."

मी तिथेच होते. पाण्याचा ग्लास घेऊन.

आता पप्पा ऑटोमॅटिक गाडी घेत नाहीत. भेस्तानच्या गॅरेजला पाठवतात. साध्या गाड्यांचे नटही पुन्हा पुन्हा तपासतात. परवा मम्मीला म्हणाले, "मन्हा हात आते पहिलासारखा राह्यना नही."

मी शेजारी मेथी निवडत बसले होते. निवडत राहिले.