हुं देणाऱ्या बाई

"यामा भांडण कोठे शे?"

हा प्रश्न विचारताना बाई चष्मा कपाळावर चढवायच्या, समोरच्याच्या वहीवर बोट टेकवायच्या आणि उत्तर येईपर्यंत ते बोट काढायच्या नाहीत. बाई नामपूरच्या. एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण गोष्टीचा विषय निघाला की माहेरची अहिराणी तोंडात यायची. यात भांडण कुठं आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्या गोष्टीत भांडण नाही ती गोष्टच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतःच्या आयुष्यातही त्यांनी हे तत्त्व कसोशीनं पाळलं.

हरसूलजवळच्या एका पाड्यावर आमची सातवीपर्यंतची शाळा. बाई मराठी शिकवायच्या, मी गणित शिकवतो. नाशिकहून मोटारसायकलवर येतो आणि वेळेवर परत जातो. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा एक माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या शाळेत तो मी.

सहावीला गोष्टीचे घटक शिकवायचे होते, म्हणून मी बाईंना हौसेनं एक तक्ता करून दिला. पात्र, कथानक, संघर्ष, वातावरण, निवेदक. पाच रंगांची स्केचपेनं, प्रत्येकासमोर दोन ओळींची व्याख्या. बाई म्हणाल्या, "अक्षर सुरेख आहे हो सर तुमचं." मग त्यांनी तक्ता उलटा केला आणि कोरी बाजू वर ठेवून भिंतीला लावला. त्या बाजूवर वर्षभर पोरं आपापल्या गोष्टींतली माणसं, कोंबड्या आणि रस्ते काढत राहिली. मला राग आला होता. आठ दिवस मी त्यांच्या डब्यातला ठेचा घेतला नाही.

व्याख्या त्यांच्याकडेही होत्या, पण वेगळ्या. "पात्र म्हणजे ज्याला काहीतरी हवंय असा कुणीही. बैलसुद्धा चालेल." "पाऊस पडला म्हणू नको, काय भिजलं ते सांग. झालं वातावरण." गोष्ट सांगणाऱ्यानं बाईंच्या खुर्चीत बसायचं आणि बाई खाली सतरंजीवर पोरांत. खुर्चीत बसेल तो निवेदक. हे मात्र कुणाला पाठ करावं लागलं नाही.

आमच्या पाड्यावर गोष्ट ऐकायची एक रीत आहे. ऐकणाऱ्यानं वाक्यागणिक 'हुं' द्यायचा. हुं थांबला की ऐकणारा झोपला असं समजून सांगणारा थांबतो. बाईंनी ती रीत वर्गात आणली. "हुं बारीक झाला की समजायचं, गोष्ट ढिली पडली. हुं थांबला तर तूही थांब. बघ काय चुकलं ते." भिंतीपलीकडे मी अपूर्णांक शिकवत असायचो आणि पलीकडून पंचवीस पोरांचे हुं यायचे.

सुरुवातीला पोरं गोष्ट सांगायलाच तयार नव्हती. "बाई, दिवसा गोष्ट सांगली का मामा वाट चुकतो." बाई म्हणाल्या, "मला चार मामा आहेत. चौघंही चुकू देत. सांग तू." दुसऱ्या दिवशी एक पोरगा रडवेला होऊन आला. त्याच्या मामाची खरंच एसटी चुकली होती. बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "बरं मग, यामा भांडण कोठे शे?" मामा आणि कंडक्टरची ती गोष्ट त्या वर्षी फार गाजली.

आता एका मुलीबद्दल सांगतो. सुमन तिचं नाव, तेव्हा नुकतीच सहावीत आलेली. दिवाळी झाली की तिचे आईबाप दिंडोरीकडं द्राक्षबागेत कामाला जातात, तिला घेऊन. होळीला परत. घरची शेळी तेवढे महिने शेजाऱ्यांकडं. सुमनची गोष्ट चार वाक्यांची होती. "आमी बागंतून आलो. मी शेळीला हाक मारली. तिनं मला वळखलंच नाय. मी लय रडले."

वर्गानं हुं दिला. बाईंनी चष्मा वर चढवला. "भांडण आहे. पण आता खुर्चीत शेळीला बसव. तिला सांगू दे."

सुमन खुर्चीच्या दांड्याला धरून बसली. मग म्हणाली, "मी शेळी. दर साली ही पोर मला पाला देते, माझ्या गळ्यात पडते, आन एक दिवस टेम्पोत बसून जाती. सांगत पन नाय. औंदा मी ठरवलं, वळख द्यायची नाय."

भिंतीपलीकडं माझ्या हातातला खडू थांबला. निवेदक बदलला की भांडण बदलतं, हे मी तक्त्यावर हिरव्या रंगात लिहिलं होतं. मला ते समजलं त्या दिवशी.

श्रावणात एका मंडळाची आंतरशालेय कथाकथन स्पर्धा होती. मुख्याध्यापकांनी गाइडातली प्रामाणिक लाकूडतोड्याची गोष्ट काढून दिली. स्पर्धेचे नियम होते: प्रमाण भाषा, शेवटी तात्पर्य. बाई म्हणाल्या, "सुमन तिची गोष्ट तिच्या बोलीत सांगेल." मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, नंबर येणार नाही." "नंबर द्यायला ते बसलेत. आपण गोष्ट द्यायला चाललोय."

मला सोबत पाठवलं होतं. मोठा हॉल, माइक, टेबलामागं तीन परीक्षक. सुमननं झोकात सुरुवात केली. "मी शेळी." आणि थांबली. पुढचं वाक्य बोलली, पुन्हा थांबली. सभ्य माणसांचा हॉल, शिस्तीत शांत. हुं देणारं कुणीच नव्हतं. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. परीक्षकांना वाटलं, पोर विसरली. एकानं घंटीकडं हात नेला.

चूक बाईंची होती. हुं थांबला की थांब, हे त्यांनीच शिकवलं होतं. हॉलमधली माणसं हुं देत नाहीत, हे सांगायचं राहिलं होतं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. बाईंचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. मग त्या शेवटच्या रांगेतून उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हुं."

परीक्षक म्हणाले, "प्रेक्षकांतून मदत चालणार नाही. स्पर्धक बाद होईल."

"होऊ द्या बाद," बाई म्हणाल्या. "गोष्ट अर्धी राहणार नाही. सांग गं सुमन."

मी काय केलं? मी त्यांचा पदर ओढला. "बाई, बसा हो, लोक बघतायत." आजही हे लिहिताना मला लाज वाटते. बाई बसल्या नाहीत. वाक्यागणिक त्यांचा एकटीचा हुं त्या हॉलमध्ये घुमला आणि सुमननं शेळीची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. बाद झाली. परतीच्या जीपमध्ये दोघींनी मिळून शेंगदाणे खाल्ले आणि मला एकही दिला नाही.

मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. बाईंनी लिहिला: "स्थळ: हॉल. पात्रे: एक शेळी, एक मुलगी, तीन परीक्षक. संघर्ष: मुलीला गोष्ट सांगायची होती, इतरांना तात्पर्य हवे होते. निवेदक: मी. तात्पर्य: नाही." मुख्याध्यापक चिडले, मग हसले, आणि कागद फायलीत लावला. तो अजून तिथं आहे. मी अधूनमधून काढून वाचतो.

पुढच्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या आणि नामपूरला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "सर, तक्ता परत सुलटा करू नका." मी केला नाही. खुर्ची रिकामी राहिली. मराठीचा तास माझ्याकडंच आला.

यंदाच्या श्रावणात सुमन सातवीत होती. तीच स्पर्धा, तोच हॉल. मी तिला सगळं बजावलं: इथं कुणी हुं देत नाही, थांबायचं नाही, बोलत राहायचं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, पन बिगर हुंची गोष्ट कोनाला सांगू?"

ती माइकपुढं उभी राहिली. "मी शेळी." आणि थांबली. विसरली नव्हती. सरळ शेवटच्या रांगेत माझ्याकडं बघत होती.

आयुष्यात मी कधी कुठल्या हॉलमध्ये तोंड उघडलं नव्हतं.

"हुं," मी म्हणालो.

"कोण बोललं ते?" परीक्षकांनी विचारलं. बाजूच्या शाळेचे एक गुरुजी माझी बाही ओढू लागले. "सर, गप्प बसा, लोक बघतायत."

मी उभा राहिलो.