पहिली मात्रा मोकळी

"हे गाणं नाही. खडी फोडणं आहे हे."

सर असं म्हणाले तेव्हा मी गाण्याच्या वर्गात उंबऱ्याजवळ बसले होते. सहावीत होते. पुढे पंधरा-वीस मुली. सगळ्या हसल्या. तबलजीही हसले. त्यांचं हसणं जास्त लागलं, कारण एरवी माझ्या गाण्यावर मान डोलावणारे ते एकटेच होते. सरांनी मांडीवर थाप मारली. "सम इथे आहे. इथे ये. तुझी सम कुठे वाहून गेली?"

मी परत गायले. परत सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, निघून गेल्यावरच शब्द उचलला. मला दुसरं येतच नव्हतं.

वर्ग नाशिकच्या जुन्या भागात, सरांच्या घरी भरायचा. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी दिली म्हणून मला घेतलं होतं. पहिल्या दिवशी सरांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, बस तिकडे. तिकडे म्हणजे उंबऱ्याशी. बाकीच्या मुलींना आळीपाळीनं पेटी वाजवायला मिळायची. माझी पाळी आली की सर म्हणायचे, "तू पेटीला हात लावू नकोस. तू नुसती ऐक." रागानं नाही, अगदी सहज, खिडकी लावून घे म्हणावं तसं. त्यामुळे हा अपमान आहे हे मला कितीतरी दिवस कळलंच नाही. मला वाटायचं, हात मळलेले असतील. येताना वाटेतल्या नळावर मी दोनदा हात धुवायचे.

मळलेले असायचेही. बहात्तरच्या दुष्काळात आई पेठ रोडला खडी फोडायला जायची. शाळा सुटली की मी तिथे. बाया रांगेनं बसलेल्या. हातोडा वर, घाव. हातोडा वर, घाव. त्यावर त्या गाणी म्हणायच्या. पण घाव घालताना तोंडातून शब्द निघत नाही, नुसता हुंकार निघतो. शब्द येतो घाव पडून गेल्यावर, हातोडा पुन्हा वर जाताना. मी गाणं तिथे शिकले. घाव मोकळा सोडायचा, मग बोलायचं. सगळं जग असंच गात असेल, असं मला वाटायचं.

सरांना माझ्या आईचं काम माहीत नव्हतं. त्यांनी आपली एक शिवी हासडली आणि ती नेमकी खरी निघाली.

महिना-दीड महिना गेला. एका डॉक्टरांची मुलगी गात होती. समेवरच तिला खोकला आला. खोकून झाल्यावर तिनं शब्द उचलला, घाबरत घाबरत. सर खूश. म्हणाले, "वा! सम जाऊ दिली आणि मग आली. याला अतीत म्हणतात. लिहून घ्या सगळ्यांनी." मीही लिहून घेतलं. तिनं केलं की अतीत, मी केलं की खडी. दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. का येत नाहीस, असं कुणी विचारलं नाही.

मी शिक्षिका झाले. हरसूलच्या शाळेत लागले. शाळेत पेटी नव्हती, असती तरी मला वाजवता येत नव्हती. म्हणून मुलांची गाणी मी सुरांपासून बांधलीच नाहीत. प्रत्येक मुलाच्या हातात दोन दगड द्यायचे. आधी ठेका. मग शब्द कुठे पडतो, कुठे लांबतो, श्वास कुठे घ्यायचा. एवढं पक्कं झालं की चाल फार शोधावी लागत नाही. शब्दाच्या वजनानं ती वर जाते, खाली येते. मुलं चुकली की समजायचं, शब्द चुकीच्या जागी ठेवलाय.

असंच एक गाणं झालं:

हातामधी दगड आला,
दगडामधी ऊन आलं.

ठेका आठ मात्रांचा. पहिली मोकळी, तिथे फक्त दगडावर दगड. उरलेल्या सातांत 'हातामधी' नेमकं बसतं. पुन्हा एक मोकळी, पुन्हा सातांत 'दगड आला'. आठवड्याच्या बाजारालासुद्धा पोरं ते म्हणत हिंडायची.

ऐंशीनंतरची गोष्ट. मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेला सर परीक्षक होते. या गाण्याला आमच्या मुलांचा नंबर आला. सरांनी मला जवळ बोलावलं, नाव विचारलं, मग आठवलं त्यांना. "अगं, तू तर आमचीच विद्यार्थिनी." मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. त्यांच्या नाशिकच्या कार्यक्रमाला त्यांना हे गाणं हवं होतं. मी वहीतून उतरवून दिलं. रविवारी हरसूलहून एसटीनं तालमीला जाऊ लागले.

तिसऱ्या रविवारी गेले तर मुली गात होत्या, 'हातामध्ये दगड आला'. सरांनी भाषा शुद्ध केली होती आणि शब्द समेवर आणून ठेवला होता. 'मध्ये' म्हटल्यावर आठच्या आठ मात्रा भरल्या. मोकळी जागा संपली. दोन कडव्यांत मुलींना दम लागला. त्यांचा काही दोष नव्हता.

मग कार्यक्रमाचं कार्ड हातात आलं. गाण्याखाली छापलं होतं, चाल: पारंपरिक. संगीत: आणि सरांचं नाव.

मी म्हणाले, "सर, ही चाल माझी आहे."

सर हसले. "असं कसं? तुमच्याकडे ही गाणी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. लोकांचं गाणं सगळ्यांचं असतं."

वाटलं, खरंच असेल. आईचं ऐकलेलं मी नकळत उचललं असेल. चोर आपणच असू. इतकी वर्षं ऐकून घेतलं की माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. त्याचाच फार थकवा येतो.

घरी जाऊन आईला गाणं म्हणून दाखवलं. विचारलं, हे तुझं का? तिनं पूर्ण ऐकलं.

"नाय पोरी. ह्ये म्या कदी म्हणलं नाय. तुजंच हाय."

"पण घाव मोकळा सोडायचा, हे तुझंच ना?"

"त्ये व्हय? मी कुटं गात व्हते तवा. दम खात व्हते."

पुढच्या रविवारी तालमीआधीच गेले. पेटी तीच होती. मी उभ्यानंच विचारलं, "सर, गाणं सगळ्यांचं असतं. मग पेटी का नव्हती?"

सर म्हणाले, "तू अजून ते धरून बसलीस?"

"नाव घाला. नाहीतर गाणं काढा."

"कार्ड छापून झालंय."

"मग गाणं काढा."

त्यांनी काढलं नाही. 'हातामध्ये'सकट झालं ते. टाळ्याही पडल्या म्हणतात. मी माजले, असंही नाशिकभर झालं. मी वही घेऊन हरसूलला आले. खूप दमले होते. भांडून बरं वाटतं म्हणतात, मला काही बरंबिरं वाटलं नाही.

पण त्या आठवड्यात मी सगळी वही पुन्हा लिहून काढली. प्रत्येक गाण्याखाली माझं नाव, आणि खाली एक ओळ: ठेका, पेठ रोडला खडी फोडणाऱ्या बायांचा. नावाशिवाय गाणं कुणाला दिलं नाही. देणारही नाही. परवा एका साहेबांनी विचारलं, बाई, हे पारंपरिक का? मी म्हटलं, नाही, हे खडी फोडणं आहे आणि ती मी फोडते.

आठातली पहिली मात्रा मोकळीच राहील. तिथे माझी आई दम खाते. ती जागा मी कुणाला भरू देणार नाही.